गारांची वर्दी

हवामानाच्या अंदाजाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा दाबमापकाच्या शोधापासून आरंभ करतात. प्रस्तुत लेखकास मात्र बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायापासून आरंभ करावासा वाटतो. इजिप्तवर जी दहा संकटे आली, त्यांतील सातवे संकट गारांचे होते. मोशे फारोला गारा पडणार एवढेच सांगून थांबत नाही. उद्या याच सुमारास पडतील, तेव्हा रानातील माणसे आणि गुरेढोरे आजच आडोशाला आणा, असेही तो बजावतो. काय होणार, केव्हा होणार आणि तोवर काय करावे, या तिन्ही गोष्टी तेथे एका दमात सांगितल्या आहेत. आजच्या वेधशाळेचे पत्रक याहून अधिक काही सांगत नाही; पुष्कळदा कमीच सांगते.

त्याच अध्यायात पुढे दोन तपशील येतात आणि ते शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. फारोच्या चाकरांपैकी काहींनी ती वर्दी मानली व गुरे गोठ्यात आणली. काहींनी ती मनावर घेतली नाही व त्यांची गुरे रानातच राहिली. एकच सूचना, एकाच दिवशी, एकाच गावात मिळूनही परिणाम दोन झाले. दुसरा तपशील पिकांचा आहे. जवसाला बोंडे धरली होती, सातू निसवला होता, म्हणून ती पिके झोडपून निघाली. गहू व खपली उशिरा येणारी, म्हणून ती वाचली. या एका नोंदीवरून भाष्यकार त्या वादळाचा काळ जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी असा ठरवितात. हिवाळा संपत आला आहे, कणसात दाणा भरला आहे, आणि नेमके तेव्हाच आभाळ फिरते. बीड जिल्ह्यातील वाचकाला हे दिवस कोणते ते वेगळे सांगावयास नको.

२०१४ साली मी बीड जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका लहानशा धर्मग्रामात सेवेस होतो. त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीस आली आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. साधारण महाशिवरात्रीच्या आगेमागे जे आभाळ भरून आले, ते होळीपर्यंत म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत पुरते निवळले नाही. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, सोलापूरकडचा मुलूख, सर्वत्र आज येथे तर उद्या तेथे अशा गारा पडत राहिल्या. एखादे वादळ येते, तासाभरात निघून जाते व माणसे आवराआवरीस लागतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. या वेळी आवरलेले पुन्हा विसकटत होते. शाळू काढणीला आला होता. काहींनी तो उपटून पाथ्या लावून ठेवला होता, काहींच्या कडब्याच्या वळया उघड्यावर होत्या. हरभरा सुडीत होता. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडल्या होत्या. आंब्याला मोहोर होता. गारा थांबल्यावर शिवारात गेलो तेव्हा ज्वारीच्या ताटांची नुसती धसकटे उभी होती, आणि बांधाच्या कडेला पोपट, साळुंक्या, बगळे मरून पडले होते. पक्षी मेलेले पाहून माणसे जेवढी गप्प झाली, तेवढी पीक पाहूनही झाली नव्हती.

राज्यातील २८ जिल्ह्यांना त्या गारपिटीची झळ लागली आणि १८ ते १९ लाख हेक्टरांवरील पिकांचे नुकसान झाल्याचे सांगण्यात आले. शासनाने ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली; कोरडवाहू पिकांस हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीस १५,००० व फळबागांस २५,००० रुपये, आणि तीही दोन हेक्टरांपर्यंत. मदतीच्या त्या आकड्यांविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले. माझ्या मनात मात्र वेगळीच गोष्ट राहिली आहे. वादळ ओसरल्यावर एका कार्यालयात काही कामानिमित्त गेलो असता तेथील फलकावर टाचलेला एक कागद दिसला. तारीख गारपिटीच्या आधीची होती. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपीट होण्याची शक्यता आहे, असे त्यात लिहिले होते. म्हणजे वर्दी आली होती. ती भिंतीपर्यंत येऊन थांबली होती. मी तो मजकूर गावी परतल्यावर एका वृद्ध शेतकऱ्यास सांगितला. ते म्हणाले, “फादर, तुरळक मंजी त्यात आपलं गाव हाय का नाई?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे समजले की ‘तुरळक ठिकाणी’ हा वेधशाळेचा मोजून ठरविलेला शब्द आहे. एखाद्या विभागातील निरीक्षण केंद्रांपैकी फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर तो ‘तुरळक’. त्याहून अधिक, पन्नास टक्क्यांपर्यंत, म्हणजे ‘काही ठिकाणी’. आणि अशाच पायऱ्या ‘सर्वत्र’पर्यंत चढत जातात. लिहिणाऱ्याच्या लेखी तो हिशोब होता. वाचणाऱ्याच्या मराठीत मात्र ‘तुरळक’ म्हणजे विरळा, क्वचित, आपल्याकडे नव्हे. शास्त्र बरोबर, शब्दही परिभाषेप्रमाणे बरोबर, तरीही निरोप चुकीचा पोहोचला. असो.

ही वर्दी देण्याची जबाबदारी गावात कुणाची, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तरही शोधले होते. आज ‘गारपगारी’ हा शब्द कानांवरून गेला तर पुष्कळांना तो ठाऊक नसतो. विदर्भात व त्याला लागून असलेल्या मराठी मुलखात गारपगारी नावाची एक जातच होती. गारा अडविण्याबद्दल ज्यास पगार मिळतो तो गारपगारी. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात या जातीची सविस्तर नोंद आहे. मूळचे नाथपंथी जोगी असलेले हे लोक गावाचे वतनी सेवक मानले जात. हंगामात शेतकऱ्यांकडून त्यांना धान्याच्या रूपाने वाटा मिळे. गारांचे ढग दिसू लागले की गारपगाऱ्याने मारुतीच्या देवळाशी जाऊन उभे राहायचे व ढगांना गावाच्या शिवारावरून रानाकडे वळविण्यासाठी देवाला आळवायचे. एवढ्यानेही आभाळ ऐकेना, तर तो स्वतःच्या अंगावर शस्त्राने जखमा करून घेई.

यात शास्त्र नव्हते हे उघड आहे, आणि धर्मगुरू म्हणून मी त्या विधीचा पुरस्कार करीत आहे असा कोणी समज करून घेऊ नये. ढग कोणाच्या रक्ताने वळत नाहीत. परंतु त्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. गारपगाऱ्याचे डोळे आभाळाकडे असणे हे त्याचे काम होते. तो गावात राहत होता. गावाचे धान्य खात होता. गारा पडल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच गावातून त्याला फिरावे लागे. आपले पीक कोणाच्या भरवशावर उभे आहे, हे गावाला नाव घेऊन सांगता येत होते. त्याची विद्या खोटी होती, पण त्याची जागा खरी होती. पुढे जी विद्या आली ती खरी ठरली. मात्र गावातील ती जागा रिकामीच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीच लोकांचा गारपगाऱ्यावरील विश्वास उडू लागला होता व त्याचा वाटाही आटत चालला होता, असे रसेल-हिरालाल यांच्या नोंदीवरून दिसते.

आपणच तेवढे भोळे होतो, असेही नाही. युरोपातील ख्रिस्ती गावांतून वादळ दिसताच चर्चच्या घंटा वाजविण्याची प्रथा शतकानुशतके होती. घंटानादाने वीज व गारा पांगतात अशी समजूत होती, आणि घंटांवर तशा अर्थाची लॅटिन वचने कोरलेली असत. उंच मनोऱ्यात ओल्या दोरास धरून उभे राहणारे बिचारे घंटावादकच विजेने मरू लागले, तेव्हा ती प्रथा बंद करावी लागली. त्यानंतर १८९६ च्या सुमारास ऑस्ट्रियातील स्टिगर नावाच्या एका नगरप्रमुखाने गारांच्या ढगांवर तोफा डागण्याचा प्रयोग सुरू केला. पाहता पाहता इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे काही वर्षे पद्धतशीर चाचण्या झाल्यावर त्यांचा उपयोग शून्य ठरला. मारुतीच्या देवळापुढे उभा राहणारा गारपगारी आणि द्राक्षमळ्यात तोफ डागणारा इटालियन शेतकरी, दोघांचेही दुःख एकच होते.

खऱ्या अर्थाने पूर्वसूचना देण्याचे काम प्रथम सुरू झाले ते समुद्रकिनाऱ्यावर. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले. हजारो माणसे बुडाली, बंदरातील जहाजांची दैना उडाली. त्यानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था करण्यात आली. त्याच वर्षी बेल्जियममधून येशूसंघीय फादर युजीन लाफाँ कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. महाविद्यालयाच्या गच्चीवर त्यांनी जुजबी साधनांची वेधशाळा मांडली होती, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात जे वादळ आले त्याची चाहूल त्यांना त्या निरीक्षणांवरून आधी लागली. जगदीशचंद्र बोस यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावणारे शिक्षक ते हेच. क्युबातील हवाना येथे फादर बेनितो विन्येस यांनी ११ सप्टेंबर १८७५ रोजी वृत्तपत्रातून चक्रीवादळाची वर्दी दिली. फिलिपिन्समधील मनिला येथे फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ च्या जुलैत तशीच सूचना दिली. फादर विन्येस यांच्या यशाचे मर्म त्यांच्या यंत्रांत जितके होते, तितकेच त्यांच्या माणसांत होते. वादळ ओसरले की ते स्वतः त्या वाटेने प्रवास करीत, लोकांना विचारीत, टिपून घेत. बेटाबेटांवरून त्यांना तारा येत. त्यांची वर्दी तारेने गावोगाव जाई आणि लोक ती ‘फादरांनी सांगितले’ म्हणून ऐकत.

आपल्याकडे भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेच १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला आणि सरकारचे सर्व लक्ष पावसाळ्याच्या भाकिताकडे वळले. हिमालयावरील बर्फाचा विचार करून ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये मोसमी पावसाचा पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना त्या थांब्यावर मी कितीदा तरी बस बदलली असेल. पुण्यात सिमला कसा, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही.

याच इमारतीत १९३२ साली शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला व डॉ. एल. ए. रामदास यांनी तो नावारूपास आणला. शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून हवामानवृत्ते सुरू झाली ती १९४५ पासून. म्हणजे जहाजांच्या कप्तानास जी सोय १८६५ मध्ये मिळाली, ती नांगरधाऱ्यास मिळण्यास ८० वर्षे लागली. त्यातही बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिवारात रेडिओ नव्हता, आणि जो रेडिओ होता त्याची भाषा शेतकऱ्याची नव्हती. माझ्या धर्मग्रामातील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणीत हवामानवृत्त हा प्रकार १९७२ च्या दुष्काळानंतरचा आहे. तोवर सहदेव-भाडळीची वचने, पंचांगातील नक्षत्रे आणि त्यांची वाहने यांवर सारा भार असे. गंमत अशी की, ही वचने मृगापासून स्वातीपर्यंतच्या पावसाविषयी भरभरून बोलतात. माघ-फाल्गुनातील गारांविषयी मात्र त्यांना फारसे सांगता येत नाही. जे ठराविक वेळी येते त्याचेच पंचांग होऊ शकते.

गारांचा अंदाज कठीण का, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे वातावरणाच्या वरच्या थरातून थंड हवेच्या लाटा पूर्वेकडे येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांच्यामुळे काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, पंजाबातील गव्हाला पाऊस मिळतो, आणि एरवी त्या आपल्या वाटेला जात नाहीत. कधी कधी मात्र या लाटेचा खोल पन्हळ दक्षिणेस पार महाराष्ट्रापर्यंत उतरतो. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून दमट वारे येऊन मिळाले, की खाली ऊन-दमट व वर अतिथंड अशी हवा एकमेकींवर रचली जाते. अशी रचना टिकत नाही. खालची हवा उसळून वर जाते. लिंबाएवढी गार हवेत तोलून धरण्यास ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने वर जाणारा वारा लागतो. तो असेल तोवर गार ढगात फिरत राहते, थरावर थर चढवीत जाते, आणि जड झाली की कोसळते. पावसाळ्यात ढग काही कमी उंच नसतात, पण तेव्हा गोठणपातळी वर असते आणि खालची हवा दमट व उबदार असते, म्हणून गार बहुधा वाटेतच विरघळते. हिवाळ्याच्या शेवटी ती पातळी खाली उतरलेली असते, म्हणून गार गार राहूनच जमिनीवर येते. २०१४ च्या त्या दीर्घ गारपिटीचा अभ्यास पुण्याच्या शास्त्रज्ञांनी पुढे केला. पश्चिमी पन्हळ दीर्घकाळ दक्षिणेकडे झुकलेला राहिला व दोन्ही समुद्रांकडून बाष्प येत राहिले, असे त्यात दिसून आले.

हे सारे घडते ते डोक्यावर दहा-बारा किलोमीटरपर्यंत. जमिनीवरच्या दाबमापकास त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी फुगे सोडावे लागतात, उपग्रह लागतो, आणि मुख्यतः डॉप्लर रडार लागते. २०१४ मध्ये इन्सॅट-३डी हा उपग्रह नुकताच आकाशात गेला होता. रडारे होती ती मुंबईत, नागपुरात व हैदराबादेत. बीडपासून प्रत्येक ३०० किलोमीटरांहून दूर. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण तेवढ्या अंतरावर पोहोचेपर्यंत जमिनीपासून सात-आठ किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाचे डोके त्यास दिसते, पोट दिसत नाही. म्हणून दोन-तीन दिवस आधी ‘मराठवाड्यात शक्यता’ एवढे सांगता येत होते. कोणत्या तालुक्यात, हे सांगता येत नव्हते. आणि कोणत्या गावात, हे रडार असूनही तासा-दोन तासांपलीकडे सांगणे आज कोठेच कोणास शक्य नाही. गारांचा पट्टा कधी कधी इतका अरुंद असतो की ओढ्याच्या अलीकडचे शेत जाते व पलीकडचे राहते. वेधशाळेची टर उडविणे सोपे आहे. ज्यांनी ती उडविली त्यांत मीही एक होतो, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

२०१८ सालची गोष्ट यामुळेच महत्त्वाची वाटते. त्या वर्षी ११ फेब्रुवारीस रविवार होता. राखेचा बुधवार तीन दिवसांवर आला होता. त्या दिवशी सकाळीच जालना, बीड, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात गारांचा मारा झाला. बीड जिल्ह्यात गेवराई व माजलगाव तालुक्यांस त्याचा तडाखा बसला. जालना जिल्ह्यात माणसेही दगावली. प्राथमिक अंदाजानुसार राज्यात सव्वा लाख हेक्टरांच्या आसपास नुकसान झाले. या वेळी मात्र मराठवाडा-विदर्भात गारपिटीची शक्यता असल्याची सूचना आधीच देण्यात आली होती, वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर ती आली होती, आणि हातातल्या मोबाईलवर ती गावोगाव फिरत होती. चार वर्षांत केवढे अंतर! माझी तोवर बदली झाली होती, पण जुन्या धर्मग्रामातील मंडळींशी बोलणे होत असे. शनिवारी रात्री काही घरांनी हरभऱ्याच्या सुड्या ताडपत्रीने झाकल्या होत्या, शेळ्या आत घेतल्या होत्या. काहींनी नव्हत्या घेतल्या. “रोजच काहीतरी येतं त्या मोबाईलवर,” असे त्यांचे म्हणणे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मला मान्य आहे. उभ्या पिकाला ताडपत्री घालता येत नाही. दोन दिवस आधी कळले काय किंवा दोन तास आधी कळले काय, पाच एकर शाळू कुठे नेणार? इजिप्तमध्येही सातू गेलाच. पण वर्दीने जे वाचते त्याची यादी लहान असली तरी क्षुल्लक नाही. काढून ठेवलेला माल झाकता येतो, काढणीस आलेला एखादा तुकडा मजूर लावून उरकता येतो, खळे पुढे ढकलता येते, जनावर झाडाखालून सोडवून गोठ्यात बांधता येते. आणि माणूस! १८८८ सालच्या एप्रिलअखेरीस उत्तर प्रदेशातील मुरादाबादेस जी गारपीट झाली, तीत २४६ माणसे मेली. गारांनी मेलेल्यांची एवढी संख्या जगात अन्यत्र कोठे नोंदलेली नाही. आमच्याकडे गारांपेक्षा वीज अधिक बळी घेते, तीही बहुतेक वेळा झाडाखाली आसऱ्यास उभ्या राहिलेल्यांचा.

आता हे सांगायचे कोणाला? बीड जिल्ह्यापुरता हा प्रश्न फार निराळा आहे. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीस जातात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या बालाघाटाच्या अंगावरील तालुक्यांतून टोळ्याच्या टोळ्या मुकादमामागून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघून जातात आणि मार्चच्या पुढे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे गारांचे जे दिवस, नेमक्या त्याच दिवसांत गावात कर्ते माणूस नसते. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दोन-चार शेळ्या. मोबाईल असतो तो ऊसतोड्याच्या खिशात, तीनशे किलोमीटरवरच्या फडात. इंग्लंड-अमेरिकेत हिवाळी वादळाची सूचना म्हटली की रस्ते बंद होतील, घरी राहा, असे सांगतात. येथे निम्मे गाव उसाच्या पाचटाच्या कोपीत राहते. त्यास ‘घरी राहा’ याचा अर्थ काय? कोपीवर गारा पडू लागल्या तर बाईने लेकरू घेऊन जायचे ते ट्रकच्या किंवा बैलगाडीच्या खाली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

व्यवस्था झाल्याच नाहीत असे नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मराठवाड्यासाठी दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, आणि तो जाणकाराने मन लावून लिहिलेला असतो. पिवळा, नारंगी, लाल असे इशारे जिल्हावार दिले जातात. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केले. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. आमच्या भागातील शेतकऱ्यांना ती ठाऊक आहेत ती मुख्यतः पीकविम्याच्या भांडणांतून. ही यंत्रे झालेला पाऊस मोजतात, येणारा सांगत नाहीत, आणि गार तर त्यांस मोजताही येत नाही. २०१८ पासून देशातील कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. त्यांची संख्या १९९ पर्यंत गेली होती. जिल्ह्याच्या अंदाजाचे तालुक्याच्या भाषेत रूपांतर करणारा एक माणूस तेथे बसत असे. ही रचना मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाची वाटली होती. २०२४ च्या आरंभी ती बंद करण्यात आली. अंदाज अधिकाधिक अचूक होत असताना तो समजावून सांगणारा माणूसच उठविण्यात यावा, याचे समर्थन मला अद्याप कोठे वाचावयास मिळालेले नाही.

यंत्रे वाढली म्हणून माणूस नको, असे त्या निर्णयामागचे गणित असावे. परंतु त्या वृद्ध शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. ‘तुरळक’मध्ये आपले गाव आहे की नाही, हे निश्चित सांगता येणार नाही, पण तरीही आजची रात्र सुडी झाकून ठेवा, असे तोंडावर सांगण्यास कोणीतरी गावातलेच लागते, ग्रामसेवक, आशाताई, दूध संकलनावरचा मुलगा, मास्तर, किंवा आमच्यासारखा धर्मगुरू, कोणीही. आणि गारा पडल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी हसे करून घेण्याची त्याची तयारी लागते. रविवारच्या मिस्सेनंतर ज्या घोषणा होतात त्यांत विवाहाच्या नोटिसा असतात, वर्गणीची आठवण असते, सणाच्या तयारीची सूचना असते. २०१४ च्या त्या पहिल्या आठवड्यात आभाळ दाटलेले असताना मी उपवासकाळाच्या कार्यक्रमाच्या घोषणा केल्या होत्या. हवामानाची चौकशी करावी असे मला सुचले नव्हते.

गेल्या काही वर्षांत एक नवीन वाट माझ्या पाहण्यात आली आहे. सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे होती, त्यांना भेटण्यासाठी फेब्रुवारीत गेलो होतो. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर एक तरुण कोपीच्या दाराशी मोबाईल पाहत बसला होता. बीड जिल्ह्यासाठी नारंगी इशारा होता. त्याने गावाकडे शेजाऱ्याच्या घरी फोन लावला आणि आईला बोलवावयास सांगितले. म्हातारी येईपर्यंत तो फोन कानाशी धरून थांबला होता. मग म्हणाला, “आये, शेळ्या आत घे. न्हाय, आत्ता. मी सांगतो म्हून घे.”